‘जंतू’ या शब्दाचा घोटाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक लहानसे प्रकरण घडले. ते सांगावयास मला संकोच वाटतो. कारण त्यात दोष सर्वस्वी माझा आहे, आणि तोही अशा विषयातला की जो मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकवीत आलो. परंतु या पानावर इतरांच्या चुकांविषयी मी आजवर मोकळेपणाने लिहिले आहे. तेव्हा स्वतःच्या चुकीविषयी मौन धरणे न्यायाचे होणार नाही.

प्रकरण असे. आमचे घर एकत्र. आम्ही दोघे भाऊ, मुले, सुना, नातवंडे मिळून चौदा माणसे लोह्याच्या एका जुन्या घरात नांदतो. श्रावणाच्या सुमारास धाकट्या पुतण्याच्या कमरेवर गजकर्ण उठले. लाल, गोल चट्टे, कडा किंचित उंच, मध्ये फिके. आणि खाज अशी की मुलाला रात्र रात्र झोप नाही. औषधांच्या डब्यात सूनबाईंच्या घसादुखीसाठी पूर्वी आणलेल्या प्रतिजैविकाच्या काही गोळ्या उरल्या होत्या. मी मनाशी विचार केला, ‘हे औषध जंतू मारते, गजकर्ण जंतूंमुळे होते, तस्मात् हे औषध गजकर्ण बरे करील.’ अनुमान मला इतके निर्दोष वाटले की मी त्याच रात्री गोळ्या सुरू केल्या.

गजकर्ण तसूभर हटले नाही. मग कोणीतरी दुकानातून एक मिश्र मलम आणले. त्याने चार दिवसांत खाज थांबली, आणि पंधरवड्याने ती दुपटीने परत आली. तोवर एकाच पंचाने अंग पुसण्याच्या आमच्या जुन्या वहिवाटीने तो प्रसाद घरातील आणखी तिघांस पोहोचला होता. शेवटी पुतण्यास घेऊन मी नांदेडला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो.

“गुरुजी, या गोळ्या कोणी दिल्या?” त्यांनी विचारले.

“मीच दिल्या. म्हटले, जंतू मरतील.”

ते गृहस्थ वयाने माझ्या मुलाएवढे. पण बोलले मोठ्या सौजन्याने. “गुरुजी, तुम्ही ज्यांना मारायला निघालात ते जंतू इथे नव्हतेच. ही बुरशी आहे. आणि खरे सांगायचे तर बुरशी ही जीवाणूंपेक्षा तुमच्या-माझ्या अधिक जवळची.”

हे शेवटचे वाक्य घेऊन मी एस.टी.त बसलो आणि लोहा येईपर्यंत त्याच्याशीच झगडत राहिलो. बुरशी आमची जवळची? शिळ्या भाकरीवर उगवणारी, लोणच्याचा घात करणारी ती बुरशी?

न्यायशास्त्रात छलाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पहिला वाक्छल. एखादा म्हणतो, या मुलाजवळ नव कांबळे आहे. त्याच्या मनात ‘नवे’ कांबळे असते, आणि प्रतिवादी ‘नऊ’ कांबळी मोजू लागतो. शब्द एक, अर्थ दोन. प्रतिवाद्याने केला तर तो छल. स्वतःच स्वतःशी केला तर त्याला काय म्हणावे हे शास्त्रकारांनी सांगितले नाही. मी ‘जंतू’ हा शब्द पहिल्या वाक्यात एका अर्थाने घेतला आणि दुसऱ्या वाक्यात दुसऱ्या. आपल्या घरोघरच्या भाषेत डोळ्यांस न दिसणारे जे जे काही त्रास देते, ते सारे जंतू. परंतु या एका शब्दाच्या पोटात जी दोन कुळे आहेत, त्यांच्यात जेवढे अंतर आहे तेवढे माणूस आणि आळंबी यांच्यातही नाही. हे अंतर आहे पेशीच्या घडणीचे.

आता ते अंतर डोळ्यांनी पाहता येते काय? येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत जावयास नको. निवृत्तीच्या वेळी मी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. इतकी वर्षे तो बहुतेक कपाटावरच होता. नांदेडहून परत आल्यावर तो खाली काढला. माझी धाकटी नात नववीत आहे. तिने गालाच्या आतली बाजू दातकोरणीच्या बोथट टोकाने हळूच खरवडली, ते काचपट्टीवर पसरले, वर मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि चारशेपट मोठे करून पाहू लागली. बराच वेळ ती काही बोलेना. मग म्हणाली, “आजोबा, पेशी दिसल्या. पापुद्र्यासारख्या आहेत, वेड्यावाकड्या. मध्ये गडद निळा ठिपका आहे तो केंद्रक ना? पण काचेवर कचरा पडलाय का? हे बारके बारके ठिपके कशाचे आहेत सगळीकडे?”

तो कचरा नव्हता. ते तिच्या तोंडातले जीवाणू होते, त्या पापुद्र्यांना चिकटून आलेले. हॉलंडातील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरील किटण आपल्या भिंगाखाली धरून जे वळवळताना पाहिले, तेच हे. एका काचपट्टीवर, एकमेकांना खेटून, पेशींची दोन्ही कुळे तिच्यासमोर होती. एकीच्या पोटात केंद्रक स्पष्ट, दुसऱ्यांच्या पोटात तसे काहीच नाही, आणि आकारात असे अंतर की एकीला पेशी म्हणावे व दुसऱ्यांना कचरा!

या दोन कुळांची नावे शाळेच्या पुस्तकात दिली आहेत. केंद्रक असलेली ती दृश्यकेंद्रकी पेशी, आणि ज्यात भिंतीआड बंद असे केंद्रक नाही ती आदिकेंद्रकी. नावे वाईट नाहीत. परंतु मूळ ग्रीक शब्द पाहिले म्हणजे संस्कृत शिकलेल्या माणसाला थोडी हळहळ वाटते. पाश्चात्त्य भाषांत त्यांना युकॅरिऑट व प्रोकॅरिऑट म्हणतात. कॅरिऑन म्हणजे अक्रोडासारख्या फळाची गिरी. ‘यु’ म्हणजे चांगले, ‘प्रो’ म्हणजे आधीचे. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा ग्रीक ‘यु’ आपल्या ‘सु’चा आणि ‘प्रो’ आपल्या ‘प्र’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे ‘सुगिरी’ आणि ‘प्रगिरी’! मला कोणी विचारले असते तर मी ‘सुकेंद्रक’ व ‘प्राक्केंद्रक’ असे सुचविले असते. विचारले नाही, हेच बरे झाले असावे. ही मूळ नावे फ्रान्सच्या एदुआर शातों या पंडिताने १९२५ साली योजिली; पण ती प्रचारात आली १९६२ साली स्टॅनिअर आणि व्हॅन नील यांच्या लेखानंतर. आमच्या लहानपणीच्या पुस्तकांत जीवाणूंची गणना वनस्पतींत केलेली असे, आणि मास्तर झाल्यावर आरंभीची काही वर्षे मीही मुलांना तेच सांगितले. त्या मुलांपैकी कोणी हे वाचीत असल्यास त्याने ते विसरावे.

आता घडणीतला भेद. जुन्या चौसोपी वाड्यात एक खोली अशी असते की जिच्यात जमिनीचे कागद, जमाखर्चाच्या वह्या आणि वतनाचे दप्तर ठेवलेले असते. त्या खोलीला भिंत असते, दार असते, आणि दप्तर बाहेर जात नाही. हवी असेल तर नक्कल करून न्यावी लागते. दृश्यकेंद्रकी पेशीचे केंद्रक म्हणजे ही दप्तराची खोली. तिच्यात डीएनए ठेवलेला असतो, आणि तो काही थोडाथोडका नव्हे. माणसाच्या एका पेशीतील सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो ४६ गुणसूत्रांत, प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. नक्कल केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येते आणि बाहेर रायबोझोम नावाचे बारीक कारखाने ती वाचून प्रथिने घडवितात. वाड्यात याखेरीज इतर दालने आहेत. तंतुकणिकांत अन्नापासून शक्ती काढतात, वनस्पतीत हरितलवके ऊन पचवितात, कोठे माल भरतात, कोठे केर जाळतात. प्रत्येक दालनाला स्वतःचे पटल.

जीवाणूचे घर एकखणी. त्याच्या आत भिंतीच नाहीत. दप्तर एकच, बहुधा वर्तुळाकार, ते खोलीच्या मध्यभागी गाठोडे करून ठेवलेले. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए उलगडला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लांबीच्या कित्येक शेपट. नक्कल बाहेर नेण्याचा प्रश्न नाही. एकीकडे नक्कल लिहिली जात असता दुसरीकडे रायबोझोम तिची आरंभीची ओळ वाचू लागलेला असतो. आणि येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे: हे रायबोझोम दोन्ही घरांत असतात, पण जीवाणूचे थोडे लहान व निराळ्या घडणीचे. तसेच जीवाणूच्या बाहेर एक भक्कम भिंत असते. ती ज्या द्रव्याची बनलेली असते ते द्रव्य माणसाच्या शरीरात कोठेही नाही.

एकखणी घर म्हणजे दरिद्री घर असे मात्र कोणी समजू नये. या एकखणी कुळाने पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षे संसार केला आहे, आणि त्यातला मोठा काळ ते एकटेच होते.

नातीचा पुढचा प्रश्न अर्थातच आकाराचा होता. पुस्तकात लिहिले आहे की जीवाणू साधारण १ ते ५ मायक्रोमीटर आणि दृश्यकेंद्रकी पेशी १० ते १०० मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे पाठ होते, पण मनात काही उभे राहत नाही. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. १ मायक्रोमीटरचा जीवाणू ज्वारीच्या दाण्याएवढा, म्हणजे ४ मिलिमीटर, धरला, तर सगळे जग चार हजारपट मोठे होते. त्या मापाने गालाची पेशी होते ज्वारीच्या भाकरीएवढी. आकारानेही ती तशीच चपटी असते. तिचे केंद्रक भाकरीच्या मध्ये ठेवलेल्या लहानशा लिंबाएवढे. रक्तातील तांबडी पेशी, जी साडेसात मायक्रोमीटरच्या आसपास असते, ती बत्ताशाएवढी. पाव फुगविणारे किण्व हे बोराएवढे. तेही केंद्रक असलेलेच, म्हणजे आपल्याच कुळातले. जीवाणू ज्वारीचे दाणे. आणि सर्दी-पडसे आणणारे विषाणू रव्याच्या कणासारखे. त्यांना तर पेशीच नाही, म्हणून ते या दोन्ही कुळांत बसत नाहीत. याच मापाने माणूस आडवा केला तर दोन कोसांहून लांब होईल! सूनबाईंनी भाकरीवर खरोखरच मूठभर ज्वारी टाकून दाखविली, आणि काचपट्टीवर दिसलेले चित्र हुबेहूब उभे राहिले.

हे झाले लांबीचे. परंतु लांबी दहापट झाली म्हणजे घनफळ दहापट होत नाही, हजारपट होते. येथे एक साधे गणित आहे, आणि दोन्ही कुळांच्या संसारातला बराचसा फरक त्यातून निघतो. १ मायक्रोमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. आता १० मायक्रोमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १,०००. पहिल्यात घनाच्या प्रत्येक भागास पृष्ठाचे सहा भाग. दुसऱ्यात एकही पुरा नाही. पेशी जे खाते ते पृष्ठावाटे येते आणि जेथे लागते ते घनाच्या पोटात. पिठीसाखर पाण्यात टाकताच विरते आणि खडीसाखर तासभर राहते, त्याचे कारण हेच. लहान जीवाणूच्या दारातून आलेला अन्नाचा कण आपोआप पसरत क्षणार्धात सगळीकडे पोहोचतो. मोठ्या पेशीला तो हातोहात पोहोचवावा लागतो, त्यासाठी आत तंतूंचे रस्ते आणि वाहतूक ठेवावी लागते, आणि ठिकठिकाणी दालने काढावी लागतात. मोठे घर चालवावयाचे तर कोठीघर निराळे, स्वयंपाकघर निराळे करावेच लागते. चौदा माणसांच्या घरात राहणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

उलट लहान घराचा लाभ असा की ते लवकर उभे राहते. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री दहाला एक, तर सकाळी सहापर्यंत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. आपल्या पेशींना एकदा दुभंगावयास बहुधा दिवसभर लागतो. रात्री लावलेले विरजण सकाळी कवडीसारखे दही होऊन बसते ते या वेगामुळेच. दह्यातले जीवाणू इतके घाईचे नसले तरी रात्र त्यांना पुरते.

तेव्हा लहान तो जीवाणू आणि मोठी ती आपली पेशी, असे लक्षण ठरवून टाकावे काय? नैयायिक लगेच अव्याप्ती आणि अतिव्याप्ती दाखवील. फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या एका खाजणात १९९४ साली ऑस्ट्रिओकॉकस नावाचे एक हिरवे शैवाल सापडले. ते जेमतेम ०.८ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. परंतु त्याला केंद्रक आहे, तंतुकणिका आहे, हरितलवकही आहे. आणि २०२२ साली ग्वादलूप बेटावरील खारफुटीच्या गळालेल्या पानांवर थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सापडल्याचे जाहीर झाले. त्याची लांबी सुमारे १ सेंटिमीटर! नुसत्या डोळ्यांनी, पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसणारा जीवाणू! आमच्या मापाने तो चाळीस मीटर लांब झाला. बरे, केंद्रकाचे लक्षण तरी निरपवाद आहे काय? आपल्या रक्तातील पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते. ती तयार होताना ते टाकून देते. म्हणून तिला कोणी जीवाणू म्हणत नाही. कुळ ओळखावयाचे ते जन्म व घडण पाहून. उंची मोजून नव्हे.

आता शेतात येऊ. आमच्याकडे लोहा-कंधारच्या काळ्या रानात सोयाबीन व तूर होते. पेरणीपूर्वी शेतकरी बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू संवर्धन चोळतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे नाव या कामी आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. भाद्रपदात एखादे सोयाबीनचे झाड हलक्या हाताने उपटावे आणि मुळांची माती धुवावी. मुळांवर मोहरीपासून वाटाण्यापर्यंत आकाराच्या गाठी दिसतात. नखाने गाठ फोडली तर आत रक्तासारखा गुलाबी रंग. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनाच्याच जातीचे एक द्रव्य तेथे असते. या गाठीतील झाडाची एकेक पेशी म्हणजे ज्वारीने काठोकाठ भरलेली घागर. एका पेशीत हजारो जीवाणू राहतात, हवेतील नत्र झाडास देतात आणि त्याबदली साखर घेतात. लहान कुळ मोठ्या कुळाच्या घरात भाडेकरू, आणि दोघांचे बरे चालले आहे.

भाडेकरू फार दिवस राहिला म्हणजे घरचाच होतो, असा अनुभव आहे. अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस या विदुषीने १९६७ साली मोठ्या आग्रहाने मांडले की आपल्या पेशीतील तंतुकणिका हा असाच एके काळचा जीवाणू आहे. आरंभी पंडितांनी नाके मुरडली. पण पुरावा वाढत गेला. तंतुकणिका जीवाणूएवढीच असते, तिच्यात स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, तिचे रायबोझोम जीवाणूच्या धर्तीचे असतात, आणि ती जीवाणूप्रमाणे दुभंगून वाढते. आज ही गोष्ट शास्त्रज्ञांत सर्वमान्य आहे. आणखी एक मौज. तंतुकणिका मुलाला मिळते ती आईकडून, बापाकडून नव्हे. गोत्र आम्ही बापाचे सांगतो आणि श्वासाश्वासाला जळणारी चूल मात्र आजीच्या आजीकडून आलेली असते. आमच्या घरातील स्त्रीवर्गाला हे वाक्य फार आवडले.

या दोन कुळांचा आपल्या भागाशी एक ऐतिहासिक संबंधही आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू येर्सिनने दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगात शोधलेला होता. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आणि त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. सिकंदराबाद निजामाच्या राज्यात. आणि आमचे लोहाही १९४८ पर्यंत त्याच राज्यात होते. अकरा-बारा महिन्यांच्या आत दख्खनच्या दोन टोकांना दोन ‘जंतू’. परंतु प्लेगचा जंतू आहे जीवाणू, एकखणी घराचा. आणि हिवतापाचा जंतू केंद्रकवाला, आपल्या कुळाचा, जो आपल्याच तांबड्या पेशीत शिरून बसतो. पुढे १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन प्लेगवर रामबाण ठरले, कारण ते जीवाणूचा तो निराळा रायबोझोम पकडते. हिवतापावर त्याचा उपयोग नाही. तेथे क्विनिन व त्याच्या जातीची औषधे लागतात. (जीवाणूंवरील काही औषधे हिवतापावरही चालतात हे खरे. त्या जंतूच्या पोटात एक जुना जीवाणूवंशीय भाडेकरू आहे. ती औषधे त्याला मारतात.)

आता माझी चूक कोठे झाली हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. पेनिसिलिन आणि त्याच्या जातीची औषधे जीवाणूच्या बाहेरच्या भिंतीचे बांधकाम बिघडवितात. ती भिंत आपल्या पेशीला नाहीच. म्हणून औषध घरात हिंडते, पण घरच्या माणसांस सहसा इजा करीत नाही. बुरशीलाही भिंत आहे, परंतु ती निराळ्या द्रव्याची. किंबहुना पेनिसिलिन ही बुरशीनेच जीवाणूंविरुद्ध केलेली युक्ती आहे. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेथे मोठमोठ्या टाक्यांतून ही बुरशी वाढवून हे औषध काढू लागले. जे औषध बुरशी स्वतः बनविते, त्यानेच बुरशी मरावी अशी माझी अपेक्षा होती!

त्याच पिंपरीस पुढे उलटी गोष्टही घडली. स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना नावाच्या एका जीवाणूपासून हॅमायसिन हे औषध निघाले, आणि ते चालते बुरशीवर. पण बुरशीवरील औषधांची अडचण अशी की बुरशीत व आपल्यात भेद फार थोडा. दोघांनाही केंद्रक, दोघांचे रायबोझोम सारखे. तेव्हा वैद्यांना एक बारीक फट शोधावी लागली: आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात त्याच्या जागी अर्गोस्टेरॉल. बरीचशी औषधे या एवढ्याशा फटीतून बाण मारतात, आणि बाण कधी कधी आपल्यालाही लागतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात, आणि आमच्या मराठवाड्यातही, किती घरे होरपळली हे कोणी विसरले नसेल. तिच्यावरील ॲम्फोटेरिसिन देताना रोग्याच्या मूत्रपिंडांवर सतत लक्ष ठेवावे लागे, ते या नात्यामुळेच. परक्याला घराबाहेर काढणे सोपे. भाऊबंदांशी दावा लढणे कठीण.

पुतण्याचे गजकर्ण बरे व्हावयास दोन महिने लागले. चट्टे गेल्यावरही डॉक्टरांनी औषध काही आठवडे चालू ठेवविले, चौदा माणसांचे चौदा पंचे झाले, आणि मिश्र मलम केराच्या टोपलीत गेले. त्यात बुरशी पोसणारे स्टेरॉइड होते. औषधांच्या डब्याची किल्ली आता माझ्याकडे नाही. ती सूनबाईंकडे आहे, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवावयाच्या नाहीत असा त्यांचा हुकूम आहे. नातीने काल विरजणाचा थेंब काचपट्टीवर घेतला. भाकरी कोठेच नव्हती, सगळी ज्वारीच ज्वारी.

लोणारच्या सरोवराचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले होते. ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा मिठागरी वृत्तीचे जे जीव त्यात सापडले, ते केंद्रकहीन असूनही जीवाणू नव्हेत. कार्ल वूज यांनी १९७७ साली वेगळे काढलेले ते तिसरे कुळ. त्यांच्याविषयी लिहू लागलो तर हे पान पुरणार नाही. तो विषय पुढील अंकी घेऊ.